न केलेली खाडाखोड

ज्यांना लिहिता येते त्यांनीच लिहावे असे मी आजवर मानत आले, आणि त्या न्यायाने हा कागद मी पुढे ओढायलाच नको होता. प्रयोगशाळेतले अहवाल आणि सासर-माहेरची खुशालीची पत्रे यांपलीकडे माझ्या हातून सलग असे काही लिहून झालेले नाही. पन्नाशी जवळ आली असताना, परदेशात बसून, मराठी वाचकांचा वेळ घ्यावा इतके मोठे माझ्या आयुष्यात काही घडलेले नाही, याचीही मला जाणीव आहे. त्यात विषय वाइनचा, आणि मी वाइन पीत नाही. तिचा एक घोटही आजवर माझ्या घशाखाली उतरलेला नाही. तेव्हा या धिटाईबद्दल वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी. एक गोष्ट मला कोणाला तरी विचारायची आहे, आणि ती विचारण्याआधी सगळे क्रमाने सांगणे भाग आहे, एवढेच माझे निमित्त.

गेली एक-दोन वर्षे इथल्या वर्तमानपत्रांत जपानच्या पांढऱ्या वाइनचे कौतुक छापून येऊ लागले आहे. फुजी पर्वताच्या मागच्या खोऱ्यात कोशू नावाचे द्राक्ष होते, त्याची वाइन नितळ आणि हलकी असते, मासळीबरोबर ती फार शोभते, लंडनच्या उपाहारगृहांत लोक ती नाव घेऊन मागवतात, असे काही त्या मजकुरात असते. माझे पती अशी कात्रणे जपून कापतात आणि संध्याकाळी माझ्यापुढे ठेवतात. "बघ, तुझ्या लाइनीतलं आलंय," असे म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो. मी ते वाचते, घडी घालते, आणि त्या दिवशी भाजीत मीठ घालायचे हमखास विसरते.

आम्ही जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला आलो ते यांच्या नोकरीमुळे. हे यंत्र-अभियंता, इथल्या एका संशोधन संस्थेत त्यांना काम मिळाले. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सांगलीकडच्या एका महाविद्यालयात आठ वर्षे शिकवले होते. इथे आल्यावर माझ्या पदवीचे कागद एका आम्टमधून, म्हणजे सरकारी कचेरीतून, दुसऱ्या आम्टमध्ये फिरत राहिले आणि मी घरात. मुलगी तेव्हा बालवाडीत जाऊ लागली होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला ती जर्मनमध्ये उत्तर देऊ लागली, आणि घरात सर्वांत कमी बोलणारी व्यक्ती मी झाले. तीन वर्षे अशी गेल्यावर एक जाहिरात दिसली. वाइनच्या पट्ट्यातल्या एका गावी खासगी प्रयोगशाळा होती. तिथे वास आणि चव पारखणाऱ्यांची मंडळी नेमायची होती. वाइन पिण्याची सवय असावी अशी अट जाहिरातीत नव्हती. नाक चांगले असावे, एवढीच होती.

कायझर्सलाउटर्नहून निघणारी गाडी त्या गावी जाताना पहिल्यापासून शेवटपर्यंत रानातून जाते आणि बोगद्यामागून बोगदे ओलांडते. प्रत्येक बोगद्यात खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसतो. परीक्षेला जाताना तो चेहरा पाहून मला परत फिरावेसे वाटले होते. पण गेले. तपकिरी काचेच्या छोट्या बरण्या ओळीने मांडल्या होत्या, प्रत्येकीत वासात भिजवलेला कापूस. मला एक सोडून सगळ्या ओळखता आल्या. राहिली ती काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या एका स्थानिक बोराची, जे मी कधी खाल्लेच नव्हते. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई उंच, शिस्तीच्या, करड्या केसांच्या. त्यांनी मला विचारले, तुम्ही वाइन पिता का? मी शरमून नाही म्हटले. "उत्तम," त्या म्हणाल्या. "पिणाऱ्यांना मतं असतात."

अशी मी, आमच्या घराण्यातली पहिली, वाइनच्या कामाला लागले. सासूबाईंना हे कसे सांगायचे हा प्रश्न होता. अहो आई, द्राक्षाच्या रसाची तपासणी असते, असे मी फोनवर सांगितले. ते खोटे नव्हते. त्यांनी थोडा विचार करून विचारले, "मग दिवसभर रस तपासून घोटभर घरी आणू देत नाहीत होय?" यांना तिकडे हसू आवरेना.

कामाचे नियम कडक होते. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, आधी तासभर कॉफी नाही. माझ्यासाठी मी आणखी एक नियम केला होता: चाखणीच्या दिवशी सकाळी घरात फोडणी करायची नाही. कोट आदल्या दिवसापासून बाल्कनीत टांगलेला असे. डब्यात बिनफोडणीचा दहीभात. "तुझ्या नाकापायी आम्हाला सात्त्विक व्हावं लागतंय," असे हे म्हणत, आणि मुलगी तोंड वाकडे करून "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असे म्हणे. प्रत्येक पारखणाऱ्याला लाकडी फळ्यांनी बंद केलेला एक कोनाडा असे. वर लाल दिवा, म्हणजे वाइनचा रंग दिसू नये. भिंतीतल्या झडपेतून ट्रे येई. पेल्यांवर नावे नसत, फक्त तीन आकडी क्रमांक. हुंगायचे, तोंडात घोळवायचे, थुंकायचे, आणि छापील तक्त्यावर पेनाने खुणा करायच्या. तक्त्यावर तेवढेच वास छापलेले होते जेवढ्यांच्या बरण्या कपाटात होत्या. सगळे तक्ते जमा झाले की मोठ्या टेबलाभोवती बसायचे. तिथे ज्याला तक्त्याबाहेरचे काही सांगायचे असेल त्याने सांगावे. त्या टेबलाशी पाच वर्षांत मी आपणहून एकदाही बोलले नव्हते. त्याची कोणाला खंतही नव्हती. माझे तक्ते नीटनेटके असत.

ते जपानी गृहस्थ आले तेव्हा शरद ऋतू सरत आला होता. सत्तरीचे असावेत. तरुणपणी दोन वर्षे ते मोझेल नदीकाठच्या एका बागेत राबले होते, त्यामुळे जर्मन बोलत; सावकाश, जुन्या वळणाचे, आणि प्रत्येक वाक्य पुरे करून. त्यांनी स्वतःच्या बागेतल्या कोशूच्या वाइनचा एक खोका सोबत आणला होता. उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरातला व्यापारी ती जर्मनीतल्या उपाहारगृहांना पुरवायला तयार होता, मात्र आमच्या मंडळाने शिफारस केली तरच. जपानची वाइन इथे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हती; कागदावर कोणाचा तरी शब्द असल्याशिवाय ती कोणी उघडूनही पाहिली नसती. निकाल लागेपर्यंत तीन आठवडे ते प्रयोगशाळेत पाहुणे म्हणून थांबले.

दुपारी चहाच्या खोलीत आम्ही दोघेच भात खाणारे. त्यांच्या डब्यात भातावर खारवलेले एक लाल फळ असे, माझ्यात दही. पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांच्या डब्यांकडे पाहून फक्त मान लववली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारले की हा तांदूळ कुठला. मग हळूहळू बोलणे सुरू झाले. त्यांच्याकडे वेली मांडवावर चढवतात. मी म्हटले, आमच्याकडेही. तासगावजवळ माझ्या मामांची बाग आहे, तिथे घड उन्हाने तांबूस होऊ नयेत म्हणून त्यांना कागद गुंडाळतात. हे ऐकून ते खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्याकडे पावसापासून वाचवायला प्रत्येक घडाला मेणकागदाची टोपी घालतात. हजारो टोप्या, एकेक हाताने. ते काम त्यांच्या पत्नीचे होते. ती दोन हिवाळ्यांपूर्वी गेली. खोक्यातली वाइन तिच्या शेवटच्या हंगामाची होती.

मुलगा शहरात नोकरीला होता. त्याचे म्हणणे त्यांनी मला कसलाही राग न धरता सांगितले: आईविना ही बाग होणे नाही; बाहेरच्या जगाला तुमची वाइन हवी असेल तर मी परत येतो, नसेल तर या हिवाळ्यात वेली काढून पीच लावू. पीचला टोप्या लागत नाहीत का, असे मी विचारले. ते म्हणाले, "पीचला पिशव्या लागतात. पण पीचला गिऱ्हाईक शोधायला जर्मनीला यावं लागत नाही." आणि स्वतःच हसले.

हे सगळे मला ठाऊक होते. हे मला ठाऊक नसते तर पुढचे सांगणे किती सोपे झाले असते.

चाखणीच्या दिवशी ट्रेमध्ये सहा पेले होते. चौथ्याचा क्रमांक चारशे सत्तावीस. पेले थंडच येत, आणि आम्ही सगळे वेगाने काम करत असू. चौथ्या पेल्याला मला काही वास आला नाही. थंड पाण्याला येतो तेवढाच. जिभेवर आंबटपणा स्वच्छ, हलका, आणि मग काही नाही. मी 'तटस्थ' असे लिहिलेल्या चौकटीत खूण केली आणि पाचव्याकडे वळले.

उत्तरपत्रिका देण्यापूर्वी पहिल्या प्रश्नापासून पुन्हा वाचायची, ही सवय आमच्या शाळेतल्या बाईंनी अशी लावली की ती गेली नाही. सहावा पेला संपल्यावर मी नेहमी पहिल्याकडे परतत असे. म्हणून माझा तक्ता नेहमी शेवटी जमा होई. त्या दिवशीही शेजारच्या कोनाड्यांतून स्टुले सरकल्याचे आवाज आले, दार वाजले, बोलणी दूर गेली. लाल दिव्याखाली मी एकटी राहिले. पहिला, दुसरा, तिसरा. तोवर पेल्यांचा गारवा उतरला होता. चौथा नाकाशी नेला आणि थांबले.

तांदूळ पहिल्यांदा धुतल्यावर जे पांढुरके धुवण निघते, त्याचा तो वास होता. माझ्या आईच्या हातांना दुपारपर्यंत तो असायचा. मी पेला खाली ठेवून पुन्हा उचलला. आता धुवणाच्या मागून पपनस आले; फळ नव्हे, तर सोलताना सालीखालचा जो पांढरा कापूस नखांत भरतो, त्याचा कडवटगोड वास. आणि अगदी शेवटी, दाराआडून कोणी पाहून जावे तशी लवंग. ही वाइन कोणाची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

माझ्या अंगावर काटा आला हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. त्या बंद कोनाड्यात कोणीतरी माझ्या खांद्याजवळ येऊन उभे राहिले आहे असे मला वाटले, आणि ते गृहस्थ नव्हेत, हेही मला कळत होते.

पेन माझ्या हातात होते. नियम असा की खूण बदलायची तर आधीची एका रेघेने खोडावी, शेजारी सही करावी आणि कारण लिहावे. म्हणजे खाडाखोड. आयुष्यात मी कधी खाडाखोड केली नव्हती. बोर्डाच्या परीक्षेत कोरा कागद मागून घेऊन पूर्ण उत्तर नव्याने लिहिले होते, पण रेघ मारली नव्हती. आणि कारण काय लिहिणार? धुवणाची बरणी कपाटात नाही. पपनसाची नाही. ज्या माणसाशेजारी बसून मी तीन आठवडे भात खाल्ला, त्याच्याच पेल्यात मला भाताचे पाणी येते, हे कोण खरे मानेल. मी तरी मानावे का? कदाचित हा वास पेल्यातला नव्हेच, दयेतून आलेला असेल. असे मी स्वतःला समजावले. पण नाक दया करत नाही, हे पाच वर्षांच्या अनुभवाने मला पक्के ठाऊक होते. मी तक्ता तसाच जमा केला. स्वच्छ होता.

टेबलाशी सर्वांचे एकमत झाले. निर्दोष, पण मुकी. पातळ. आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते, त्या गावचेच, विनोदी. ते म्हणाले, झऱ्याचे पाणी प्यायचे तर आमच्या रानात ते फुकट मिळते, त्यासाठी जपान कशाला. सगळे हसले. मीही हसले. मग प्रमुख बाईंनी रिवाजाप्रमाणे एकेकाकडे पाहिले. माझ्यावर त्यांची नजर नेहमीपेक्षा अंमळ जास्त थांबली, असे मला नंतर वाटू लागले. तेव्हा वाटले होते की नाही, कोण जाणे. त्यांनी विचारले, आपल्याला काही? मी म्हटले, यात माझी भर काही नाही.

शिफारस झाली नाही. व्यापाऱ्याने त्याच दिवशी फोनवरून नकार कळवला. ते गृहस्थ प्रत्येक पारखणाऱ्यापाशी जाऊन कमरेतून वाकले आणि वेळ दिल्याबद्दल आभार मानले. निवृत्त शिक्षक त्यामुळे फार ओशाळले आणि उगाच त्यांना स्टेशनचा रस्ता समजावून सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी ते निघणार होते. चहाच्या खोलीत मी डबा उघडला तेव्हा ते समोर येऊन बसले. त्यांच्यापुढे डबा नव्हता. प्रमुख बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून पेले विसळत होत्या. नळ जोरात वाहत होता. ते खालच्या आवाजात बोलू लागले.

"एक सांगायचं होतं. मला वास येत नाही. आठ वर्षं झाली. तापात गेला, तो परत आलाच नाही."

वाइन करणाऱ्या माणसाने हे सांगणे म्हणजे काय, ते मला कळत होते.

"बायको सांगायची, मी वहीत लिहायचो," ते म्हणाले. "तिच्या नाकावर मी सहा वर्षं वाइन केली. या खोक्यातली तिनं पिंपातूनच हुंगली होती. म्हणाली, हिच्यात तांदूळ धुतलेलं पाणी आहे, आणि थंडीतल्या आंघोळीचं लिंबू आहे." मग त्यांनी मला समजावले की त्यांच्याकडे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी आंघोळीच्या पाण्यात एक आंबट, जाड सालीचे फळ सोडतात. "ती तेव्हा आजारी होती. मला आता असं वाटतं, मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. तुम्ही काल तिथं होता. तुमचं नाक चांगलं आहे, असं इथं सगळे म्हणतात. तुम्हाला आलं का काही?"

नेमका तेव्हा नळ बंद झाला.

प्रमुख बाई तशाच पाठमोऱ्या उभ्या होत्या, हातात फडके आणि पेला. त्या ऐकत होत्या की नाही, मला आजही माहीत नाही. मी हो म्हटले असते तर माझी सही असलेला तक्ता खोटा ठरला असता. तीन वर्षे घरात बसून मिळालेली नोकरी, माझ्या नावाची खुर्ची, माझे सरळ रेघेतले तक्ते, हे सगळे त्या एका श्वासात माझ्या डोळ्यांपुढून गेले.

"नाही," मी म्हणाले. "मला काही जाणवलं नाही."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ, जणू एखादे मोठे गणित मनात पुरे करत असावेत.

"मग नसेलच," ते म्हणाले. "खरं सांगितलंत. उपकार झाले."

ते उठले, वाकले, आणि प्रमुख बाईंच्या पाठीलाही एकदा वाकून नमस्कार करून गेले. मी उरलेला दहीभात संपवला. अन्न टाकायचे नाही, अशी आम्हाला शिकवण.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या नाकाने मला छळायला सुरुवात केली. घरी तांदूळ धुताना पहिले पाणी ओतले की खांद्याजवळ तेच कोणीतरी उभे असल्याचा भास होई. मी वळून पाहत असे. मग मी तांदूळ धुणेच सोडले. तेव्हापासून आमच्याकडे तांदूळ हे धुतात, आणि माझ्या बोटांना भेगा पडतात म्हणून, अशी त्यांची समजूत आहे. पुढे वास तांदळावाचूनही येऊ लागला. इमारतीच्या तळघरात, जिथे आम्ही सगळे बिऱ्हाडकरू कपडे वाळत घालतो, तिथे ओल्या चादरींमधून पपनस. गाडी बोगद्यात शिरली की काचेतल्या माझ्या चेहऱ्यामागे लवंग. एकदा मी न राहवून गाडीतल्या रोजच्या ओळखीच्या बाईंना विचारले, तुम्हाला कसला वास येतो का? त्यांनी हुंगून सांगितले, लोखंडाचा. मुलीला विचारले तर तिने माझ्याकडे निरखून पाहिले आणि जर्मनमध्ये विचारले की आई, तुला बरे नाही का.

त्या गृहस्थांच्या पत्नीला मी कधी पाहिले नाही. छायाचित्रही नाही. पण कागदाच्या टोप्या घालणारे हात मात्र मला दिसत, आणि ते नेहमी माझ्या आईच्या हातांसारखे, धुवणाने पांढुरके झालेले असत. ज्या एका जिवाला तिच्या शब्दाची साक्ष देता आली असती तो मी होते, आणि मी नाही म्हटले होते. मेलेल्या माणसाला खोटे पाडले होते, तेही तिच्या नवऱ्यासमोर.

काम मी सोडले नाही. हेही सांगायला हवे. तीन वर्षे गेली, आणि मग सुरुवातीला म्हटले ते कौतुक येऊ लागले. त्याच खोऱ्यातल्या दुसऱ्या कोणाच्या बाटल्या इंग्लंडात पोचल्या, तिथून चर्चा इकडे आली. आमच्याकडे कोशूचे नमुने तपासणीला येऊ लागले. प्रमुख बाईंनी एके दिवशी जाहीर केले की या वाइन इतक्या थंड चाखायच्या नाहीत, आणि पेला दहा मिनिटे ठेवून पुन्हा हुंगायचा. कपाटात दोन नव्या बरण्या आल्या. एक त्या जाड सालीच्या लिंबाची; दुसरीवर प्रमुख बाईंच्या अक्षरात 'तांदूळ, धुतलेला' असे लिहिले होते. दर आठवड्याला ती ताज्या पाण्याने भरण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. का माझ्याकडे, हे त्यांनी सांगितले नाही, मी विचारले नाही. निवृत्त शिक्षक आता ती वाइन आवडीने विकत घेतात. झऱ्याच्या पाण्याचा विनोद त्यांना आठवत नसावा.

गेल्या मार्चमध्ये ऱ्हाइनकाठच्या एका मोठ्या शहरात वाइनचे प्रदर्शन होते. प्रयोगशाळेच्या कामासाठी मला जावे लागले. जपानच्या दालनापुढे गर्दी होती. लोक पेले धरून रांगेत उभे होते. एक तरुणी हसतमुखाने वाइन ओतत होती. तिच्या फलकावर त्याच खोऱ्याचे नाव होते. मी तीन वेळा त्या दालनावरून पुढे गेले. चौथ्या वेळी थांबले आणि, जन्मात पहिल्यांदा म्हटले तरी चालेल, अनोळखी माणसाला आपणहून प्रश्न केला. तरुणपणी मोझेलकाठी काम केलेले एक वयस्क गृहस्थ त्या बाजूला आहेत का, असे विचारले.

ती लगेच हसली. त्यांना कोण ओळखत नाही, असे म्हणाली. त्यांची बाग आता नाही. ते जर्मनीहून परतले त्याच हिवाळ्यात मुलाने वेली काढल्या. पीचची झाडे छान धरली आहेत. मुलगा नोकरी सोडून गावी परतला, नातवंडे आहेत, म्हातारबुवा ठणठणीत आहेत. मग तिने मला त्यांच्या गावातली एक गंमत सांगितली. सणासमारंभाला सगळे जमले, परदेशातल्या कौतुकाची गोष्ट निघाली, की हे म्हातारबुवा हात हलवून सांगतात: छे, या वाइनमध्ये कसलाही वास नसतो. माझी बायको मन राखायला सांगायची. जर्मनीत एका बाईंनी मला खरे ते सांगितले. "सगळं जग एकीकडे आणि ते एकीकडे," ती तरुणी म्हणाली. "आम्ही खूप हसतो. तेही हसतात."

तिने माझ्यापुढे पेला धरला. मी तो हुंगला नाही. पत्ता मात्र मागून घेतला.

पत्र लिहून झाले आहे. जर्मनमध्ये, अर्धे पान. तांदळाचे पाणी आले होते. तुमच्या लिंबासारखे एक फळ आमच्याकडेही असते, तेही आले होते. तुमच्या पत्नीने सांगितले ते सगळे त्या पेल्यात होते, आणि मी खोटे बोलले. एवढाच मजकूर. यांना दाखवले. यांनी दोनदा वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "त्यांना बायको परत मिळेल, हे खरं. पण वेली उगाच गेल्या, हेही त्याच कागदातून कळेल. ऐंशीकडे झुकलेला माणूस आहे गं." न पाठवावे तर ती बाई तिच्या नवऱ्याच्या तोंडून दर सणाला खोटी ठरत राहते, आणि लोक हसतात. पाठवावे तर ज्या पीचच्या झाडांखाली तो माणूस आज नातवंडांबरोबर बसतो, ती झाडे त्याला उद्या कशी दिसतील, याचा विचार करून माझा हात थांबतो. आणि स्वतःच्या छळातून सुटावे म्हणून मी हे पत्र लिहिले का, ही शंका आहे ती वेगळीच.

पाकिटावर पत्ता लिहिलेला आहे. तिकीटही लावले आहे. गेले पाच आठवडे ते फडताळात आहे. मला जवळचे असे विचारायला इथे फार कोणी नाही, म्हणून इतका वेळ घेतला. तुम्ही माझ्या जागी असता, तर हे पत्र पाठवले असते का?